प्रयोगशाळेत डोकावण्याचा हक्क

औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात एम. फार्म.चा विद्यार्थी उंदरांवर प्रयोग करायचं ठरवतो, तेव्हा उंदरांच्या आधी त्याची गाठ पडते ‘फॉर्म बी’शी. उंदीर किती लागणार, तेवढेच का, कमी का चालणार नाहीत, त्यांना दुखू नये म्हणून काय करणार, प्रयोग संपल्यावर त्यांचं काय होणार, आणि हेच काम प्राण्याला हात न लावता होणार नाही का, हे सगळं लिहून द्यावं लागतं. मग कॉलेजची एथिक्स कमिटी बसते. त्या कमिटीत पशुवैद्य असतो, बाहेरच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ असतो, विज्ञानाशी काही संबंध नसलेला एक माणूस असतो आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीने नेमलेला ‘नॉमिनी’ असतो. हा नॉमिनी हजर नसेल तर बैठकीला अर्थ नाही.

विद्यार्थ्याला ही कागदांची कटकट वाटते आणि त्याच्या गाइडला त्याहून जास्त. पण या कटकटीला वंशावळ आहे. तिची मुळं १९९८ च्या नियमांत, त्यामागे १९६० च्या कायद्यात आणि त्याहीमागे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमध्ये आहेत.

पुरावा कायद्याच्या मजकुरातच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला १९६० चा कायदा चौथ्या प्रकरणात प्रयोगांकडे वळतो. तिथलं चौदावं कलम सांगतं की शरीरक्रियेच्या ज्ञानात नव्या शोधाने भर घालण्यासाठी, किंवा जीव वाचवायला, आयुष्य वाढवायला, वेदना कमी करायला उपयोगी पडेल अशा ज्ञानासाठी प्राण्यांवर प्रयोग केले, तर या कायद्याने ते बेकायदेशीर ठरणार नाहीत. १५ ऑगस्ट १८७६ रोजी राणीची संमती मिळालेला ब्रिटिश कायदा उघडला की तिसऱ्या कलमात हेच शब्द जवळपास याच क्रमाने भेटतात. आपल्या मसुदाकारांनी शेवटी रोगाशी लढण्याचा हेतू जोडला आणि त्यात माणूस व प्राणी यांच्याबरोबर वनस्पतींनाही धरलं, एवढाच मोठा फरक.

शब्द तेच राहिले, पण त्यांची जागा बदलली. ब्रिटिश कायद्यात आधी मनाई आहे: जिवंत प्राण्याला वेदना होईल असा प्रयोग कुणी करायचा नाही. ती मनाई ज्या अटींवर उठते, त्यांतली पहिली अट म्हणजे हे वाक्य. आपल्याकडे तेच वाक्य आधी मोकळीक देतं आणि लगाम पुढच्या कलमांत येतो. तिकडे अट असलेलं वाक्य इकडे येईपर्यंत सूट झालं. हे कसं झालं ते पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. प्राण्यांवर प्रयोग करणं योग्य की अयोग्य, याचा निकाल यातल्या कुठल्याच कायद्याने लावलेला नाही. प्रत्येक पिढीत भांडण झालं ते प्रयोगशाळेत डोकावण्याचा हक्क कुणाचा, यावर.

सुरुवात नॉर्विचच्या एका सभेपासून करू. ऑगस्ट १८७४ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचं वार्षिक संमेलन तिथे भरलं होतं. मान्यां हा फ्रेंच डॉक्टर ॲबसिंथ या मद्याचा मेंदूवर होणारा परिणाम दाखवायला आला होता. त्याने कुत्र्यांच्या शिरेत ॲबसिंथ टोचायला घेतलं. सभेतल्याच काही डॉक्टरांनी विरोध केला आणि गोंधळ झाला. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने पुढे खटला भरला. मान्यां तोवर फ्रान्सला परतला होता, म्हणून आरोप आला स्थानिक यजमान डॉक्टरांवर. संस्थेने खटला भरला यात गैर काही नाही, असं न्यायाधीशांनी मान्य केलं. पण या डॉक्टरांचा प्रत्यक्ष हात असल्याचा पुरावा नव्हता, म्हणून ते सुटले.

गुरं आणि कुत्री-मांजरं यांना छळण्याविरुद्धचे कायदे ब्रिटनमध्ये तेव्हा नवे नव्हते. पहिला १८२२ चा, नंतरचे १८३५ आणि १८४९ चे. पण ते लिहिताना कायदेकारांच्या नजरेसमोर होते गाडीवान, खाटीक आणि कोंबड्यांच्या झुंजी लावणारे, म्हणजे रस्त्यावर दिसणारी माणसं. बंद दाराआड, ज्ञानासाठी, सुशिक्षित माणसाने दिलेली वेदना त्या चौकटीत बसत नव्हती. नॉर्विचच्या खटल्याने ही फट उघडी पाडली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, बर्डन सँडरसन यांच्या संपादनाखाली शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगांचं एक हस्तपुस्तक निघालं होतं. नवशिक्यांसाठी लिहिलेल्या त्या पुस्तकात अनेक ठिकाणी भूल देण्याचा उल्लेखच नव्हता. लोकांच्या मनात शंका होती, तिला छापील आधार मिळाला.

या शंकेला मोहिमेचं रूप दिलं फ्रान्सेस पॉवर कॉब यांनी. मूळच्या आयर्लंडच्या या लेखिकेने १८७५ च्या आरंभी मान्यवरांच्या सह्यांचं निवेदन दिलं, आणि मे महिन्यात संसदेत एका आठवड्याच्या अंतराने दोन विधेयकं आली. एक कॉब यांच्या बाजूचं. दुसरं शास्त्रज्ञांचं, ज्याच्या मसुद्यामागे चार्ल्स डार्विनही होता. डार्विनला कुत्र्यांचा विलक्षण लळा होता आणि नुसत्या कुतूहलापोटी प्राण्याला छळणं त्याला असह्य वाटे. पण शरीरक्रियाशास्त्र प्रयोगाशिवाय पुढे सरकणार नाही, याबद्दलही त्याला शंका नव्हती. दोन विधेयकं समोरासमोर आल्यावर सरकारने नेहमीची वाट धरली आणि लॉर्ड कार्डवेल यांच्या अध्यक्षतेखाली राजआयोग नेमला.

आयोगापुढे बऱ्याच साक्षी झाल्या, पण कायद्याचं पारडं फिरवलं एमानुएल क्लाइन यांच्या साक्षीने. त्या हस्तपुस्तकाच्या लेखकांपैकी ते एक. प्राण्याच्या वेदनेचा विचार करता का, असं विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं की अजिबात नाही. भूल देतो ती प्राणी चावू नये, ओरबाडू नये म्हणून, स्वतःच्या सोयीसाठी. आयोगाचे सदस्य असलेले टी. एच. हक्सली, म्हणजे शास्त्रज्ञांचे खंदे वकील, या उत्तराने हादरले. आपल्या बाजूच्या एका प्रामाणिक माणसाने शंभर विरोधकांना जमलं नसतं ते काम करून टाकलं होतं. डार्विनची साक्ष त्यानंतर काही दिवसांनी झाली, पण क्लाइन यांचे शब्द पुसले गेले नाहीत.

१८७६ चा कायदा यातून आला. त्याच्या रचनेत पुढच्या दीड शतकाची बीजं आहेत. प्रयोग करणाऱ्याला गृहमंत्र्यांचा परवाना लागेल. प्राणी पूर्ण बधिर झाला पाहिजे, आणि शुद्धीवर आल्यावर वेदना होणार असतील तर त्याआधीच त्याला मारलं पाहिजे. नुसता हात बसावा म्हणून शस्त्रक्रिया करायची नाही. लोकांना तमाशा म्हणून प्रयोग दाखवायचा नाही, मग तिकीट असो वा नसो. या अटींतून सूट हवी असेल तर वेगळी प्रमाणपत्रं घ्यायची: भूल न देता प्रयोग करायला एक, प्राणी शुद्धीवर येऊ द्यायला एक, कुत्र्या-मांजरांसाठी आणखी एक, घोड्या-गाढवांसाठी निराळं. अपृष्ठवंशी प्राण्यांना कायदा लागूच नव्हता. आणि एक छोटं कलम फक्त क्युरारे या विषावर होतं. दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणाच्या टोकाला लावत ते हे विष प्राण्याला निश्चल करतं, पण त्याची संवेदना तशीच ठेवते. बाहेरून शांत दिसणारा प्राणी आतून सगळं भोगत असतो. कायद्याने बजावलं की क्युरारेला भूल मानता येणार नाही. दिसणारी शांतता आणि खरी वेदनाशून्यता यांत कायद्याने केलेला हा बारकाईचा फरक आजही प्रत्येक एथिक्स कमिटीच्या कामाचा गाभा आहे.

पण कॉब यांना हा कायदा विश्वासघात वाटला, आणि त्यालाही कारण होतं. मे १८७६ मध्ये लॉर्ड कार्नार्व्हन यांनी मांडलेलं मूळ विधेयक कितीतरी कडक होतं. कुत्री आणि मांजरं त्यात पूर्ण वर्ज्य होती. डॉक्टरांनी एकजुटीने विरोध केला, सुमारे तीन हजार सह्यांचं निवेदन दिलं, आणि विधेयक पातळ होत गेलं. परवान्याच्या अर्जावर सही लागे ती एखाद्या विद्वत्संस्थेच्या अध्यक्षाची आणि एका प्राध्यापकाची, म्हणजे शास्त्रज्ञाची शिफारस शास्त्रज्ञानेच करायची. परवानाधारकावर खटला भरायचा तर गृहमंत्र्यांची लेखी परवानगी हवी. पहिल्या गुन्ह्याला दंड फार तर ५० पौंड. निरीक्षक नेमले गेले, पण दार ठोठावायचा हक्क एवढ्या मोजक्या माणसांनाच मिळाला. बाकी समाज बाहेरच राहिला.

१८८१ मध्ये हे स्पष्ट दिसलं. डेव्हिड फेरिअर यांनी माकडांच्या मेंदूवरचे प्रयोग लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत मांडले. त्यांच्याकडे परवाना नव्हता, म्हणून कॉब यांच्या संघटनेने खटला भरला. शस्त्रक्रिया परवाना असलेले त्यांचे सहकारी जेराल्ड यो यांनी केली होती, असं निघालं आणि खटला फेटाळला गेला. या धक्क्याने डॉक्टर सावध झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी संशोधनाच्या पाठराखणीसाठी संघटना काढली, आणि थोड्याच काळात गृहखातं परवान्यांबाबत याच संघटनेचा सल्ला घेऊ लागलं.

बाहेरच्या माणसाला आत जाण्याचा एकच मार्ग उरला: विद्यार्थी बनून जाणं. लिझी लिंड आफ हागेबी आणि लाइसा शार्ताऊ या दोन स्वीडिश तरुणी तशाच गेल्या. १९०३ च्या फेब्रुवारीत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस यांच्या वर्गात त्यांनी एका तपकिरी कुत्र्यावरचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि ते टिपून ठेवलं. तोच कुत्रा आधी दुसऱ्या प्रयोगात वापरलेला होता आणि त्याला पुरेशी भूल दिली नव्हती, असा आरोप प्राणिमित्र संघटनेचे स्टीफन कोलरिज यांनी जाहीर सभेत केला. बेलिस यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला. २,००० पौंड भरपाई मिळाली. पण भांडण मिटलं नाही. १९०६ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी मोर्चे काढले, दंगली झाल्या, पोलिसांना पुतळ्यावर पहारा बसवावा लागला आणि १९१० मध्ये एका रात्री पुतळा हलवण्यात आला. दरम्यान १९०६ मध्ये दुसरा राजआयोग बसला. त्याचा अहवाल १९१२ मध्ये आला आणि मूळ चौकट तशीच राहिली. १८७६ चा कायदा पुढे १९८६ पर्यंत, तब्बल ११० वर्षं टिकला.

या काळात भारतात काय होतं? तो ब्रिटिश कायदा इथे लागू नव्हता, पण प्रयोगशाळा आल्या होत्या. १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. गुरांच्या बुळकांडीसारख्या रोगांवरचं काम भरवस्तीत धोक्याचं होतं, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचं मूळ ते. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, ती सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. ससा आणि शास्त्रज्ञ एकाच लसीच्या परीक्षेला बसले. ससा मात्र स्वतः होऊन बसला नव्हता.

इथल्या कायद्याचं लक्ष मात्र रस्त्यावरच होतं. १८९० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा बोलत होता तो बैलांवर जास्त ओझं लादण्याविषयी आणि गाई-म्हशींना जास्त दूध यावं म्हणून केल्या जाणाऱ्या ‘फुका’ या क्रूर प्रकाराविषयी. प्रयोगशाळेसाठी ब्रिटनसारखी परवान्यांची आणि निरीक्षकांची व्यवस्था त्यात नव्हती. म्हणजे एकाच साम्राज्यात लंडनच्या सशाला परवान्याचं संरक्षण होतं आणि मुंबईच्या सशाला नव्हतं. आक्षेप मात्र इथेही होते. गांधीजींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये पाश्चात्त्य वैद्यकावर टीका करताना जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीचाही समाचार घेतला. जिवाला जपण्याचा इथला संस्कार जुना होता, पण त्याची व्यवस्था पांजरपोळासारख्या संस्थांत होती. प्रयोगशाळेच्या दाराशी तो अजून पोचायचा होता.

पोचला तो माकडांमुळे. १९५० च्या दशकात पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवत. लागणारी लाल तोंडाची माकडं, म्हणजे रीसस, उत्तर भारतातून पकडून विमानाने परदेशी जात. जानेवारी १९५५ मध्ये भारतातून अमेरिकेला चाललेली सुमारे चारशे माकडं लंडनच्या विमानतळावर बंद गाडीत गुदमरून मेली. भारतात संताप उसळला आणि सरकारने निर्यात थांबवली. पण पोलिओच्या लसीकडे जगातले आईबाप डोळे लावून बसले होते. थोड्याच काळात निर्यात पुन्हा सुरू झाली. अट एवढीच, की माकडं लस आणि वैद्यकीय संशोधन यांसाठीच वापरली जातील.

याच सुमारास राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल बसत होत्या. कलाक्षेत्राच्या संस्थापक आणि भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९५२ मध्ये त्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य झाल्या आणि क्रूरता प्रतिबंधाचं खासगी विधेयक त्यांनी मांडलं. १८९० चा कायदा तोकडा आहे, एवढं नेहरूंना पटलं. पण प्रयोगांसारखा नाजूक विषय सरकारने नीट तपासून हाताळावा, असं त्यांचं मत होतं. समिती नेमण्याचं आश्वासन घेऊन रुक्मिणीदेवींनी १९५४ मध्ये विधेयक मागे घेतलं. खासगी विधेयकं आश्वासनांवर विरतात तसं हे विरलं नाही. समिती बसली, अहवाल आला आणि १९६० मध्ये कायदा झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष रुक्मिणीदेवीच झाल्या.

१८७६ च्या कायद्यातलं ते वाक्य इथे अटीचं सूट का झालं, याचं उत्तर याच तडजोडीत असावं, असं मला वाटतं. पोलिओ, देवी, मलेरिया यांच्याशी लढणाऱ्या नव्या देशाला संशोधनावर आधी मनाई आणि मग परवाना, अशी रचना पेलणारी नव्हती. म्हणून चौदाव्या कलमाने आधी दार मोकळं ठेवलं. पण पंधराव्या ते विसाव्या कलमांत जे आलं, ते काही बाबतींत लंडनपेक्षा पुढचं होतं. एका मंत्र्याच्या परवान्याऐवजी समिती आली. ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, अशी व्याख्या असल्याने पाठीच्या कण्याची अट गेली. सतराव्या कलमात भुलीची आणि हात बसवण्यासाठी प्रयोग न करण्याची जुनी कलमं तर आलीच. शिवाय जिथे पुस्तक, प्रतिकृती किंवा चित्रफीत पुरेल तिथे प्राणी वापरू नये, आणि लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, हेही आलं.

यात योगायोगाचा एक धागा आहे. १९५९ मध्ये, आपल्या कायद्याच्या आदल्याच वर्षी, विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन इंग्रजांचं एक पुस्तक निघालं. शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं साधन वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, पद्धत अशी सुधारा की वेदना घटेल, अशी त्रिसूत्री त्यांनी मांडली. आज प्रत्येक ॲनिमल हाऊसच्या भिंतीवर ‘थ्री आर्स’ म्हणून लागते ती हीच. त्या पुस्तकाकडे पुढची बरीच वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. आपल्या सतराव्या कलमात मात्र त्यातली दोन सूत्रं वेगळ्या शब्दांत तेव्हाच उतरली होती.

दात मात्र कमी होते. विसाव्या कलमातला दंड फार तर २०० रुपये. पहिली समिती १९६४ मध्ये नेमली गेली, १९६८ मध्ये नियम झाले, आणि त्यानंतर जवळपास तीन दशकं समितीचा धाक प्रयोगशाळांना फारसा जाणवला नाही. या काळातला सगळ्यात जोरकस निर्णय तिच्या बाहेरच झाला. अमेरिकी लष्कराच्या किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत भारतीय रीसस वापरले जात असल्याचं उघड झालं. वैद्यकीय संशोधनाची अट मोडली गेली होती. मोरारजी देसाईंच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून माकडांची निर्यात बंद केली, ती कायमचीच.

तिकडे अमेरिकेत हक्काची लढाई वेगळ्या वाटेने चालली होती. कुत्री चोरून प्रयोगशाळांना विकली जात असल्याचं ‘लाइफ’ साप्ताहिकाने छायाचित्रांसह छापलं आणि १९६६ मध्ये पहिला संघराज्यीय कायदा झाला. त्याच्या कक्षेतून संशोधनासाठी पैदास केलेले उंदीर आणि घुशी पुढे वगळल्या गेल्या, म्हणजे सगळ्यात जास्त वापरले जाणारे प्राणीच. १९८१ मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या प्रयोगशाळेत एक कार्यकर्ता स्वयंसेवक म्हणून शिरला आणि १७ माकडांची अवस्था त्याने बाहेर आणली. स्वीडिश तरुणींचाच मार्ग, फक्त वहीऐवजी कॅमेरा. या प्रकरणाने पेटलेल्या वादानंतर १९८५ ची दुरुस्ती आली. प्रत्येक संस्थेत समिती हवी, तिच्यात पशुवैद्य हवा, आणि संस्थेशी संबंध नसलेला, समाजाच्या वतीने बसणारा किमान एक सदस्य हवा. बाहेरच्या माणसाला वेष न पालटता आत बसायची खुर्ची मिळाली.

अशीच खुर्ची आपल्याकडे १९९८ च्या नियमांनी आणली. मनेका गांधी तेव्हा केंद्रीय समितीच्या अध्यक्ष होत्या. प्राणी पाळणाऱ्या आणि वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी, संस्थेची एथिक्स कमिटी, तिच्यात केंद्राचा नॉमिनी; मोठ्या प्राण्यांवरच्या प्रयोगाला दिल्लीची मंजुरी. शास्त्रज्ञांनी जोरदार तक्रार केली. मंजुरीला महिने लागतात, निरीक्षकांना विज्ञान कळत नाही, काम परदेशी जाईल, असं ते म्हणत. यातलं काही खरं होतं, आणि २००१ व २००६ च्या दुरुस्त्यांनी काही गाठी सैल केल्या. पण तपासणीच्या भीतीने अनेक ॲनिमल हाऊसना पहिल्यांदा नीट वायुवीजन, नीट पिंजरे आणि पूर्ण वेळ पशुवैद्य मिळाला, हेही खरं. आपल्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्रिसूत्रीला चौथं सूत्रही जोडलं: प्रयोगातून वाचलेल्या प्राण्याचं पुनर्वसन, आणि त्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरायचा. पांजरपोळाची परंपरा असलेल्या देशाने या वंशावळीत घातलेली ही स्वतःची भर आहे.

त्यानंतर १९६० ची कलमं एकेक करून जागी होऊ लागली. प्रतिकृती आणि चित्रफिती पुरत असतील तर प्राणी नको, हे कलम अर्धशतक झोपून होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये ते बंद केलं. बेडूक मेणाच्या ट्रेवर टाचणारी पिढी तिथे संपली. त्याच वर्षी मे महिन्यात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आली आणि नोव्हेंबरपासून तशी चाचणी झालेल्या मालाच्या आयातीलाही. लिपस्टिक जीव वाचवत नाही आणि वेदनाही कमी करत नाही. १८७६ च्या वाक्यात तिला जागा नव्हतीच.

मग कोविड आला आणि प्रश्न पुन्हा सोपा राहिला नाही. कोव्हॅक्सिनच्या चाचणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला रीसस हवे होते. देशात प्रयोगशाळेत वाढवलेले मिळेनात, म्हणून २०२० मध्ये महाराष्ट्र वनविभागाच्या परवानगीने जंगलातून पकडावे लागले. वीस माकडं, पाच-पाचांचे चार गट. लस चालते असं दिसलं आणि पुढे कोट्यवधी लोकांनी ती घेतली. घेणाऱ्यांत प्राणिप्रेमीही असतीलच, आणि त्यात ढोंग आहे असं मला वाटत नाही. चौदावं कलम नेमकं याच अवघड जागेसाठी लिहिलेलं आहे.

मात्र त्या कलमाखालची जमीन आता हलते आहे. अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फानिलामाइडच्या विषारी औषधाने शंभरावर माणसं दगावल्यावर, १९३८ च्या कायद्याने औषध विकण्याआधी सुरक्षिततेचा पुरावा मागितला, आणि हा पुरावा बहुधा प्राण्यांवरच्या चाचण्यांतून येई. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली गेली. मार्च २०२३ मध्ये आपल्या नव्या औषधांच्या नियमांतही पेशीसमूह, चिपवर उभारलेले अवयव आणि संगणकीय प्रतिमानं ग्राह्य धरली गेली. ‘दुसरा मार्ग नाही’ हा शास्त्रज्ञांचा १८७५ पासूनचा मुख्य युक्तिवाद. आता तो प्रत्येक प्रकल्पात नव्याने सिद्ध करावा लागेल. फॉर्म बीमधला पर्यायाबद्दलचा रकाना आजवर अनेकदा एका ठरावीक वाक्याने भरला जातो. यापुढे तो रकानाच सगळ्यात अवघड ठरायला हवा.

आणि हक्काच्या या लढाईत एक मुक्काम आपण अजून गाठलेला नाही. ब्रिटनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून प्रयोगांचे आकडे दरवर्षी संसदेपुढे येतात. किती प्राणी, कोणते आणि कशासाठी, हे तिथला कुणीही नागरिक वाचू शकतो. आपल्या सतराव्या कलमात योग्य नोंदी ठेवायला सांगितलं आहे. त्या लोकांपुढे मांडायला सांगितलेलं नाही. निरीक्षक आत गेला, पशुवैद्य गेला, बाहेरचा सदस्य गेला. उरला आहे तो ज्याच्या नावाने आणि ज्याच्या औषधासाठी हे सगळं चालतं तो सामान्य माणूस. त्याला आत न्यायला नवा कायदा लागत नाही. नोंदणी झालेल्या संस्थांच्या नोंदी केंद्रीय समितीने दरवर्षी एकत्र करून छापल्या, तर १९६० च्या कायद्याने जेवढं वचन दिलं होतं, त्याच्या एक पाऊल पुढे आपण गेलेलो असू. खर्च कागदाचा आहे, आणि शास्त्रज्ञांनाही त्याचा फायदाच आहे. कारण दीडशे वर्षांत प्रयोगशाळांचं नाव खराब झालं ते बहुतेक वेळा दार बंद ठेवल्याने.